झाकणबाईंची चालती चूल

माझ्या आईला शांत बसलेली मी कधी पाहिली नाही, आणि आता ती सत्तरीला टेकत असताना पाहीन ही आशाही सोडली आहे. जेवताना तिचा एक पाय खुर्चीखाली हलत असतो. फोनवर बोलताना ती मोकळ्या हाताने ओटा पुसते, मग तो ओटा लख्ख असो की नसो. एकोणतीस वर्षं तिने एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढली. साडेतीनशे रुग्णांचं जेवण, दिवसातून तीनदा. तिथे तिला सगळे झाकणबाई म्हणायचे, कारण एखादं पातेलं उघडं दिसलं की ती लांबूनच ओरडायची, "झाकण! वाफेला काय पगार द्यायचाय का?" निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला एक मोठं झाकण भेट दिलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. कुणी ते भिंतीवर लावलं असतं. आईने दुसऱ्याच दिवशी वापरायला काढलं आणि पंधरा दिवसांत सह्या घासून टाकल्या.

ही बाई आता गाडीत राहते. एकेकाळी बिस्किटांचे खोके पोचवणारी एक उंच व्हॅन, तिच्या पोटात दोन अरुंद पलंग, एक शेगडी, गुडघ्याएवढा फ्रिज, हात धुवायला बेसिन आणि छतावर सोलर पॅनेल. आई गाडी चालवते, बाबा शेजारी बसतात. रोज सकाळी निघायचं, तीन-चार तास जायचं, दुपारी जरा टेकायचं, पुन्हा थोडं पुढे, आणि संध्याकाळी जागा मिळेल तिथे थांबायचं. "तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे," असं मी एकदा चिडून म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या नाही, तुझ्या बाबांच्या. मी फक्त तिला चाकं बसवली."

बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग मी. बस मात्र विसरले नाहीत. पहाटे पाचला उठून शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावून ते दाराशी उभे राहायचे. ड्युटी आहे, उशीर होतोय. दार उघडं मिळालं की निघालेच. एकदा पेट्रोल पंपावर सापडले, एकदा बाजारामागे, कुणाच्यातरी ट्रकच्या टायरला लाथ मारून हवा तपासताना. कुलूप लावलं तर कडी खडखडवत राहायचे, बोटं सुजेपर्यंत. संध्याकाळ तर नकोशी व्हायची. अंधारायला लागलं की ते घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे, भिंती चाचपायचे, कपाटांच्या मागे हात घालायचे. काय शोधताय म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. आईही त्यांच्यामागे घरभर चालायची. थकून दोघं पलंगावर पडायचे आणि तासाभराने पुन्हा उठायचे.

एक दिवस त्यांना टॅक्सीने डॉक्टरांकडे नेलं. गाडी हलली आणि बाबा असे शांत झाले, जसं काही कुणी त्यांच्या आतलं बटण दाबलं. डॉक्टर काय म्हणाले ते आईने ऐकलंच नाही. येताना तिने टॅक्सीवाल्याला गावाला दोन वळसे घालायला लावले. महिन्याभरात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती गाडी चालवायला शिकायला लागली. शिकवणाऱ्याने तीनदा हात जोडले, पण सुटका नव्हती. नंतर ही व्हॅन घेतली, घराला कुलूप लावलं आणि निघाली.

मला हे मुळीच पटलं नव्हतं. आगीतून फुफाट्यात, असं मी तिला तोंडावर सांगितलं. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, माझ्या दोन खोल्यांत चार माणसं आहेत, बाबांना मी ठेवून घेऊ शकत नव्हते, आणि तरी दर रविवारी फोनवर मी तिला अक्कल शिकवायचे. उंटावरून शेळ्या हाकणारी, असं तिने मला नाव ठेवलं होतं. चुकीचं नव्हतं ते. पण सहा महिन्यांनंतर तिच्याच बोलण्यात काळजी ऐकू यायला लागली. गाडीची बॅटरी टिकेना. संध्याकाळी सहा-साडेसहाला सगळं बंद पडायचं. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रिज. फ्रिजमध्ये बाबांची इंजेक्शनं असतात, ती गार ठेवावीच लागतात. रात्रभर फ्रिज बंद, गाडी तापलेली. दोनदा औषध फेकून द्यावं लागलं. तिने बॅटरी बदलली. नवी बॅटरीही तशीच मरायला लागली.

"फ्रिज चालला नाही तर मला हे सगळं सोडावं लागेल," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. एरवी आधी फोन ठेवायचे ते मी.

मी एका वृद्धाश्रमात चौकशी केली. एक खाट रिकामी होणार होती. सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले. मी फॉर्म भरला, पिशवीत टाकला, शुक्रवारी रजा घेतली आणि गाडी उभी होती तिथे बसने जाऊन पोचले. आईची सही घ्यायची आणि दोघांना घेऊन परत यायचं, एवढाच बेत होता.

गाडी एका बंद पडलेल्या गिरणीसमोरच्या मोकळ्या जागेत होती. बाबांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "तिकीट घेतलंत का?"

"घेतलं."

"मग मागे बसा." मग जरा वाकून, हळू आवाजात, "ड्रायव्हर नवीन आहे. क्लच जास्त दाबते. पण पोचवते वेळेवर."

"ऐकू येतंय मला," आई शेगडीपाशी पाठमोरी म्हणाली.

तिचा स्वयंपाक मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण हा वेगळा होता. घरातल्या मोठ्या ओट्यावर ती ऐसपैस पसरून काम करायची. इथे एक पातेलं, एक तवा, एक सुरी. पातेलं शेगडीवर ठेवायच्या आधी तिने त्याचं बूड कोरडं पुसलं.

"हे कशाला?"

"बुडाला पाणी असलं तर आधी ते उकळतं, मग आतलं. बाहेरच्या पाण्याचं काय खाणार आहेस तू?"

आच तिने इतकी बारीक ठेवली की ती भांड्याच्या कडेबाहेर दिसतच नव्हती. शेगडीच्या तिन्ही बाजूंना पत्र्याची आडोशाची पट्टी. वर झाकण आणि झाकणावर एक दगड. तिचं म्हणणं असं की स्वयंपाकात जळणारा बराचसा गॅस अन्नासाठी जळतच नाही. तो भांड्याच्या बाहेरून जातो, वाफेतून जातो आणि उरलेला 'असू दे अजून पाच मिनिटं' म्हणणाऱ्या माणसाच्या भित्रेपणात जातो. मसूर सकाळपासून बाटलीत भिजत घातलेले होते, तांदूळही. बटाटे तिने बोटाच्या पेराएवढे चिरले. उकळी आली, तिने घड्याळ पाहिलं, सात मिनिटं झाली की शेगडी बंद. मग पातेलं तसंच टॉवेलात गुंडाळून एका लाकडी खोक्यात घातलं. खोक्याला आतून आमच्या घरातल्या जुन्या गोधड्या शिवलेल्या. त्यातली एक माझी होती, मला ओळखू आली. वर उशी दाबली आणि ती म्हणाली, "चल, निघू या."

"अगं, कच्चं आहे ते!"

"वाटेत शिजेल. आपण बसून राहिलो तरी शिजेल, पण मग तुझे बाबा बसू देणार आहेत का?"

तीन तासांनी, चाळीस कोस पुढे, रस्त्याकडेच्या झाडाखाली खोकं उघडलं तर वाफ आली. मसूर बोटाने चेपले जात होते. सात मिनिटांच्या गॅसवर तिघांचं जेवण. मला कौतुक वाटलं आणि ते कबूल करायचं नव्हतं म्हणून मी मीठ कमी आहे असं म्हटलं. मीठ बेताचंच होतं, खरं तर.

पण हे कौतुक किती वेळ टिकणार? या गाडीत श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. फ्रिज दिवसातून दोनदाच उघडायचा, तोही आत कुठे काय आहे ते आधी तोंडाने सांगून. चहा सकाळी एकदाच, थर्मासमध्ये भरून, तो संध्याकाळपर्यंत प्यायचा. भांडी धुवायला कोमट पाणी हवं म्हणून काळा रंग दिलेला कॅन छतावर उन्हात. अंडी पाण्यात घालून उकळी आली की गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. पंप लावायचा नाही, मगाने घ्यायचं. पंखा? "हाताला काय झालंय?" मी फोन चार्जिंगला लावला तर तिने तो असा उपटला, जणू मी चोरीच करत होते. फ्रिजच्या वर भिंतीत चार हिरव्या दिव्यांची एक पट्टी होती, बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारी. आई दर पाच मिनिटांनी तिकडे बघायची. गाडी चालवतानासुद्धा मागे वळून. माझा जीव टांगणीला.

"पुढे बघ, आई!"

"चार आहेत ना अजून?"

"चार आहेत. पुढे बघ!"

त्या संध्याकाळी आम्ही एका तळ्याकाठी थांबलो. आई किल्ली काढून खिशात घालून मागे आली आणि शेगडीला भिडली. बाबा सरकून ड्रायव्हरच्या जागी बसले. रोज बसतात, तेवढीच त्यांची मौज, ती म्हणाली. पुढची सीट आणि आमच्यामध्ये एक पडदा आहे, थांबल्यावर पुढच्या काचेतून डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून ओढून घ्यायचा. आईची घाई बघवत नव्हती. कांदा चिरला, तवा ठेवला, एका हाताने ताटं मांडली, डोळे त्या पट्टीवर. चार दिवे. चार. आणि मग एकदम काहीच नाही. दिवे गेले, फ्रिजची घरघर थांबली.

"मेली," आई म्हणाली. तिने तवा खाली उतरवला आणि ती तशीच उभी राहिली. "आज तर मी काहीच वापरलं नव्हतं गं."

उरल्या उजेडात आम्ही जेवलो. बाबा पोटभर जेवले आणि लवकर झोपले. आई बर्फाच्या पिशवीत औषध ठेवायच्या खटपटीला लागली. मी म्हटलं, आई, आता पुरे. एक खाट मिळते आहे. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. पण बर्फाची पिशवी ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती, आणि मला माझ्या तोंडातल्या शब्दांची लाज वाटली. लाज वाटली तरी मी ते परत घेतले नाहीत.

सकाळी तिला जाग आली तेव्हा बाबा आधीच उठून, गुंडी लावून, पुढे शेजारच्या जागी बसलेले होते, आणि पट्टीवर चारही दिवे हिरवे. "बघ, ऊन लागलं की जीव येतो तिच्यात," आई म्हणाली. मी छताकडे पाहिलं. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलंही नव्हतं. पण विजेतलं मला काय कळतं, म्हणून मी अंथरुणं आवरायला लागले.

शनिवारी आम्ही एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या वायरमनने पलंग उचलून बॅटरी तपासली, दोन तारा लावून मीटरच्या काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, बॅटरी ठणठणीत आहे."

"मग रोज संध्याकाळी मरते कशी?"

"तुम्ही काय चालवता संध्याकाळी?"

"काही नाही! मी तर श्वाससुद्धा बेताने घेते!"

तो हसला. आई हसली नाही. तिने त्या दिवशी हद्द केली. औषध बर्फाच्या पिशवीत ठेवून दुपारपासून फ्रिजसुद्धा बंद ठेवला, की संध्याकाळी तरी भरपूर वीज उरेल. मला तिचा भयंकर राग आला. एक बाई गुडघ्याएवढ्या फ्रिजला शरण जाऊन दिवसभर पळते आहे, घामाघूम होते आहे, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ती कोण आहे हेही ठाऊक नाही. कुणासाठी हे सगळं?

संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या मागच्या मैदानात थांबलो. आईने फ्रिज सुरू केला. मला आत थांबवेना, म्हणून मी खाली उतरून गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. समोरच्या काचेतून बाबा दिसत होते. ते आईच्या जागी बसले, आरसा पुसला, हँडब्रेक ओढून पाहिला, गिअर हलवून पाहिला. सगळं सावकाश, एकापाठोपाठ एक. मग त्यांनी डावा हात सीटच्या मागे खाली नेला आणि काहीतरी फिरवलं. त्यांच्या मागे पडद्याआड असलेला उजेड गेला.

आतून आईचा आवाज आला, "मेली!"

मी धावत दारापाशी गेले आणि सीटच्या मागे वाकून पाहिलं. जमिनीलगत, धुळीत, एक लाल खटका होता. मी तो उलटा फिरवला. दिवे लागले. पुन्हा फिरवला. गेले. आई तवा हातात घेऊन पडद्यातून बघत होती.

"हा काय आहे?" मी विचारलं.

"तो? तो दुरुस्तीवाल्यांसाठी आहे. विकणाऱ्याने दाखवला होता. मी कधी..." आणि तिने बाबांकडे पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॅटरी बदलली, सहा आठवडे एका बाईने अंधारात बटाटे चिरले, आणि चोर आमच्या पुढच्या सीटवर बसून आरसा पुसत होता. डेपोत रात्रीची गाडी जमा करताना ड्रायव्हर मेन स्विच बंद करतो, एवढं मलाही माहीत होतं. लहानपणी मी बाबांबरोबर कितीदा गेले होते. आणि पहाटे पाचला उठून ते तो पुन्हा सुरू करायचे, आई जागी व्हायच्या आत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी इतकी हसले की मला ठसका लागला. आईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि मी त्या बिचाऱ्या बॅटरीला शिव्या घालत होते!" बाबा आमच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहत होते.

रविवारी सकाळी मी वायरमनला घरून उठवून आणलं. त्याने त्या खटक्यावर पत्र्याचं झाकण बसवलं आणि छोटं कुलूप लावलं. अर्धा तास लागला. "झाकणबाई, हे तुमचं शेवटचं झाकण," मी म्हटलं. आई खूश होती. त्या दिवशी तिने मला फोन चार्ज करू दिला. पंखा लावला. दुपारी तिने चक्क दुसरा चहा केला. मलाही वाटलं, सुटलो. फॉर्मचं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण पिशवीकडे मी दिवसभर पाहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही मोठ्या रस्त्यालगत, ट्रक थांबतात त्या जागी, गाडी लावली. बाबा ड्रायव्हरच्या जागी बसले. आरसा, ब्रेक, गिअर. हात मागे गेला. पत्र्यावर नखं वाजली. त्यांनी पुन्हा चाचपलं. पुन्हा. मग त्यांनी वाकून पाहिलं. मग ते उठून मागे आले.

आत सगळे दिवे लखलखत होते. फ्रिज घरघरत होता. आईने अंडी आणि बटाटे ताटात वाढले होते. "बसा," ती म्हणाली. ते बसले नाहीत. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. कपाट उघडलं, मिटलं. पलंगाखाली हात घातला. फ्रिजच्या मागे बोटं सरकवली.

"अहो, काय हवंय?"

ते खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, वर आले, पुन्हा भिंती. अन्न गार झालं. आईने त्यांचा हात धरला, त्यांनी झिडकारला. गेल्या सहा आठवड्यांत असं एकदाही झालं नव्हतं, ती नंतर म्हणाली. ही घरातलीच संध्याकाळ होती, तीच, जशीच्या तशी. मी पाण्याचा ग्लास भरायला वळले आणि तेवढ्यात दार वाजलं.

ते रस्त्याकडे चालले होते, भराभर, हात वर करून, येणाऱ्या ट्रकना थांबवत. एका ट्रकने कर्कश हॉर्न दिला. मी धावत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं.

"कुठे निघालात, बाबा?"

"गाडी चालू राहिली," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. "गाडी चालूच आहे. जमा झाली नाही. मी घरी कसा जाऊ?"

मी त्यांना धरून तिथेच उभी राहिले. दीड वर्ष हा माणूस आमच्या घराच्या भिंती चाचपत होता. ड्युटी संपवायचा खटका शोधत होता, आणि आमच्या घरात तो नव्हताच. आम्ही दारांना कुलपं लावली, डॉक्टरांना गोळ्या वाढवायला सांगितल्या. इथे, या बिस्किटांच्या गाडीत, त्यांना तो सापडला होता. म्हणून ते पोटभर जेवत होते. म्हणून ते झोपत होते. आणि मी त्यावर आज सकाळी कुलूप लावून आले होते, वर विनोदही केला होता. मला स्वतःचाच राग आला.

त्यांना परत आणलं तेव्हा आई सीटच्या मागे जमिनीवर बसलेली होती. कुलूप उघडून बाजूला टाकलेलं, आणि ती पत्र्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटत होती. ते निघालं तेव्हा तिच्या बोटाला लागलं. "बसा," ती म्हणाली. बाबा बसले. त्यांनी आरसा पुसला, ब्रेक पाहिला, गिअर पाहिला, हात मागे नेला. खटका वाजला. दिवे गेले, फ्रिज गप्प झाला, आणि बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की आम्हाला दोघींना ऐकू आला.

बाहेर अजून थोडा उजेड होता. आई बोट तोंडात धरून बसली होती, आणि तिचा पाय हलत नव्हता.

"वायरमनला सांगू, फ्रिजला वेगळी तार दे म्हणावं, या खटक्याला वगळून," ती म्हणाली. "औषध गार राहिलं म्हणजे झालं. दिवे त्यांच्या हातात राहू देत. माझं काय, मी सहाच्या आत उरकते. तशीही शिकलेच आहे."

"अंधारात राहणार तू? रोज?"

"त्यांना झोप लागते गं." मग, माझ्याकडे न बघता, "तुझ्या पिशवीतला कागद मी शुक्रवारीच पाहिलाय. कधी बोलतेस याची वाट बघत होते. सोमवार उद्याच आहे ना?"

मी काय उत्तर देणार होते, मला खरंच माहीत नाही. थकले होते मी. तिचं वय दिसत होतं, रस्त्यावरचे ट्रक दिसत होते, आज धरला तो हात उद्या कोण धरणार हेही दिसत होतं.

तेवढ्यात बाबा पडदा सारून मागे आले. ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले, शर्टाची गुंडी सोडत. बऱ्याच दिवसांनी ते थेट माझ्याकडे बघत होते, पण बघत होते ते डेपोतल्या ड्युटी लावणाऱ्या बाईंकडे.

"मॅडम, गाडी जमा," ते म्हणाले. "ब्रेक जरा उशिरा लागतो. सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हटलं.

ते गेले नाहीत. वाट बघत उभे राहिले.

"उद्या आहे ना मला ड्युटी?"

आईने मान वर केली. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "सकाळी सातची."

"येतो वेळेवर," बाबा म्हणाले, आणि झोपायला गेले.